आयटूसी बसवरील सेन्सर अधूनमधून 'गायब' का होतो: लिनक्सच्या यूझर प्रोग्रॅममधून निदान

रास्पबेरी पायसारख्या बोर्डाला आयटूसी बसवर (दोन तारांवर अनेक चिप जोडण्याच्या पद्धतीने) जोडलेला सेन्सर काल सुरळीत वाचला जात होता आणि आज बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर, किंवा कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) अद्ययावत केल्यावर, किंवा शेजारी आणखी एक मॉड्यूल जोडल्यावर, तोच प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, ही तक्रार वारंवार येते. तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात: सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) चालवा, फोर्स (कर्नलची मनाई डावलण्याचा) पर्याय द्या, बसचा वेग कमी करा, तारा बदला. यांतला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर खरोखरच लागू पडतो. परंतु कोणत्या बिघाडावर कोणता, हे न पाहता ते एकामागून एक करत जाणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. कर्नल प्रत्येक नकारासोबत एक क्रमांक परत देतो आणि विनंती कोणत्या पातळीवर अडली, हे बहुतेक वेळा त्या क्रमांकावरूनच कळते. म्हणून निदानाची सुरुवात तिथूनच करावी.

खाली चिपचे पत्ते, रजिस्टरचे (चिपमधील लहान मेमरी-कप्प्यांचे) क्रमांक आणि त्यांतील किंमती हेक्साडेसिमल पद्धतीत दिल्या आहेत. एरर क्रमांक मात्र नेहमीचे दशमान आहेत.

विनंतीचा मार्ग

यूझर प्रोग्रॅम आयटूसी नियंत्रकाच्या (बस चालवणाऱ्या हार्डवेअरच्या) रजिस्टरांना थेट हात लावत नाही. 'आयटूसी-डेव्ह' हे कर्नल मॉड्यूल प्रत्येक नियंत्रकासाठी 'डेव्ह' फोल्डरमध्ये एक कॅरेक्टर डिव्हाइस फाइल तयार करते आणि तिचे नाव 'आयटूसी-०', 'आयटूसी-१' अशा क्रमाने पडते. प्रोग्रॅम ती फाइल उघडतो, 'आयटूसी-स्लेव्ह' या आय-ओ-कंट्रोल कॉलने चिपचा पत्ता सांगतो आणि मग वाचन किंवा लेखन करतो. पुढे ती विनंती कर्नलच्या आयटूसी गाभ्यातून त्या विशिष्ट नियंत्रकाच्या ड्रायव्हरकडे, तिथून हार्डवेअरकडे आणि शेवटी एसडीए (माहितीची) व एससीएल (क्लॉकच्या ठोक्यांची) या दोन तारांवर जाते. फाइल उघडताना आलेला नकार, पत्ता सांगताना आलेला नकार आणि प्रत्यक्ष वाचताना आलेला नकार हे तीन वेगळे प्रकार आहेत. पायथनच्या प्रोग्रॅममध्ये एररचा क्रमांक संदेशातच छापलेला असतो. सी भाषेत लिहिणाऱ्यांनी मात्र नुसते 'वाचता आले नाही' असे छापण्याऐवजी 'एर्नो'ची (एरर क्रमांक ठेवणाऱ्या चलाची) किंमत आणि कोणत्या कॉलला अपयश आले हे दोन्ही छापावे. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी हे लपवत असेल, तर प्रोग्रॅम 'एस्ट्रेस' या कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या साधनाखाली चालवल्यास नेमका कोणता कॉल कोणत्या क्रमांकाने फसला ते एका ओळीत दिसते.

क्रमांक २: फाइल नाही, किंवा तिचा नंबर बदलला

फाइलच अस्तित्वात नसेल तर 'आयटूसी-डेव्ह' मॉड्यूल चढवलेले नाही किंवा नियंत्रक डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) बंद आहे. रास्पबेरी पायवर नियंत्रक चालू करण्याची ओळ 'कॉन्फिग' मजकूर फाइलमध्ये असते. ही फाइल पूर्वी थेट 'बूट' फोल्डरमध्ये होती. २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ती 'बूट'च्या आतील 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली. जुनी शिकवणी वाचून जुन्या जागी बदल करणाऱ्याला आपण सर्व काही केले असे वाटते आणि फाइल तरीही उमटत नाही.

याहून अधिक वेळ खाणारा प्रकार म्हणजे फाइल असते, पण ती दुसऱ्याच नियंत्रकाची असते. हा नंबर नियंत्रकाची कायमची ओळख नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये उपनाव देऊन तो पक्का केलेला नसेल, तर ड्रायव्हर ज्या क्रमाने चढतात त्या क्रमाने तो वाटला जातो. २०१२ मधील पहिल्या रास्पबेरी पायवर हेडरच्या (बोर्डावरील पिनांच्या रांगेच्या) ३ आणि ५ क्रमांकांच्या पिनांवर बस शून्य होती, नंतरच्या आवृत्तीपासून तिथे बस एक आली. बीगलबोन ब्लॅकच्या ३.८ कर्नलवर हार्डवेअरमधील 'आयटूसी२' हा नियंत्रक 'आयटूसी-१' या नावाने दिसत असे. साध्या संगणकावर तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मॉनिटरशी बोलण्यासाठी स्वतःच्या अनेक बस नोंदवतो, त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर आधी चढला की यूएसबीवरचा आयटूसी अडॅप्टर, यावर नंबर ठरतो आणि तो प्रत्येक बूटला वेगळा येऊ शकतो. रास्पबेरी पाय ४ वर दिसणाऱ्या बस २० आणि २१ यादेखील एचडीएमआयच्या आहेत. तिथे आपला सेन्सर शोधण्यात अर्थ नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच: प्रोग्रॅममध्ये नंबर लिहू नये. 'आयटूसी-डिटेक्ट' कमांड 'एल' पर्यायासह चालवल्यास प्रत्येक बसचे नाव दिसते, आणि तेच नाव 'सिस' फोल्डरमधील त्या बसच्या 'नेम' फाइलमध्येही असते. ते नाव जुळवून 'यूडेव्ह'चा (डिव्हाइस फाइलींची नावे सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) एक नियम लिहावा आणि त्यातून 'सेन्सर-बस' असा आपल्या पसंतीचा दुवा तयार करून घ्यावा. पायथनची 'एसएमबस२' लायब्ररी नंबराऐवजी फाइलचा पूर्ण मार्गही स्वीकारते, त्यामुळे तो दुवा तिला थेट देता येतो. एकाच नावाचे दोन अडॅप्टर असतील तर नावाऐवजी यूएसबीचे पोर्ट किंवा नियंत्रकाचा हार्डवेअर पत्ता जुळवावा लागतो.

क्रमांक १३: परवानगी

हा प्रकार सोपा आहे. ज्या वितरणांत या फाइलींसाठी 'आयटूसी' नावाचा गट असतो, तिथे वापरकर्त्याला त्या गटात घालावे आणि त्याने बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे. नवे सदस्यत्व चालू सत्राला लागू होत नाही. टर्मिनलमधून चालणारा प्रोग्रॅम सिस्टिमडीच्या (पार्श्वभूमीतील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेतून चालत नसेल, तर सेवा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने धावते आहे का, ते पाहून तिच्या फाइलमध्ये पूरक गट नोंदवावा. कायमचा सुडो लावणे मला अजिबात पसंत नाही, कारण रूट म्हणून चालणारा आणि चुकीच्या बसवर लिहिणारा प्रोग्रॅम काय करू शकतो याला मर्यादा राहत नाही. संगणकाच्या एसएमबसवर (आयटूसीसारख्याच आतल्या बसवर) ५० पासून ५७ पर्यंतच्या पत्त्यांवर रॅमच्या पट्ट्यांची माहिती ठेवणाऱ्या ईईप्रॉम (वीज गेली तरी नोंदी टिकवणाऱ्या मेमरी चिप) असतात, हे एवढ्यासाठी लक्षात ठेवावे.

क्रमांक १६: पत्ता कर्नलने आधीच घेतलेला आहे

या क्रमांकावर फोर्सचा सल्ला सर्वांत सहज दिला जातो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. एक नेहमी दिसणारी जोडणी घेऊ. बोर्डावर वेळ टिकवण्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळ बसवलेले आहे आणि त्याच बसवर हालचाल मोजणारा एमपीयू-६०५० जोडला आहे. दोघांचाही मूळ पत्ता ६८ आहे. घड्याळासाठी डिव्हाइस ट्री ओव्हरले (त्या वर्णनाला जोडलेली पुरवणी) चालू असल्यामुळे कर्नलमधील 'आरटीसी-डीएस१३०७' हा ड्रायव्हर, जो डीएस३२३१ देखील सांभाळतो, त्या पत्त्याला बांधला जातो. आता यूझर प्रोग्रॅम एमपीयूसाठी ६८ हा पत्ता मागतो तेव्हा तारांवर एकही सिग्नल जाण्याआधी, 'आयटूसी-स्लेव्ह' कॉललाच कर्नल 'साधन व्यस्त' असा नकार देतो. 'आयटूसी-डिटेक्ट'च्या तक्त्यात त्या जागी आकड्याऐवजी 'यूयू' दिसते. घड्याळाच्या अनेक मॉड्यूलवर ईईप्रॉमही असते आणि ती बहुधा ५७ वर उमटते. ५७ आणि ६८ ही जोडी दिसली की घड्याळ ओळखावे.

अशा वेळी फोर्स दिला तर कर्नल बाजूला होतो, परंतु तारांवर दोन चिप एकाच पत्त्याला उत्तर देऊ लागतात. आयटूसीच्या तारा कोणीही खाली (शून्य व्होल्टकडे) ओढू शकतो, वर कोणीच ढकलत नाही. म्हणून दोन चिप एकदम बोलल्या की प्रत्येक बिटात ज्याने शून्य दिला त्याचे चालते आणि हाती येणारा बाइट दोघांपैकी कोणाचाच नसतो. लेखन तर दोघांकडेही पोहोचते, आणि सेन्सर जागा करायला निघालेला प्रोग्रॅम घड्याळाच्या नोंदी बिघडवू शकतो. योग्य उपाय एका तारेचा आहे: एमपीयूची एडी-शून्य ही पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो आणि भांडण मिटते. मात्र पत्ता ६९ झाला तरी 'हू-ॲम-आय' या ७५ क्रमांकाच्या रजिस्टरमधून ६८ हेच उत्तर येते. ते उत्तर चिपची ओळख सांगते, पिनची स्थिती नाही. तपासणीत ६९ ची अपेक्षा करणारा कोड योग्य चिपलाही नाकारतो.

एकच चिप असेल आणि तिच्यासाठी कर्नलचा ड्रायव्हर आधीच काम करत असेल, तर प्रश्न तारेचा राहत नाही. तो ड्रायव्हर पुरेसा आहे का, हे आधी तपासावे. बीएमई२८० सारख्या सेन्सरचे तापमान, दाब आणि आर्द्रता कर्नल 'आयआयओ' व्यवस्थेतून साध्या मजकूर फाइलींत देतो आणि कॅलिब्रेशनचे गणितही तोच करतो. ड्रायव्हर नकोच असेल तर 'सिस'मधील त्या ड्रायव्हरच्या 'अनबाइंड' फाइलमध्ये '१-००६८' अशा रूपातील नाव लिहून तो रीतसर सोडवावा आणि मगच पत्ता मागावा. इथे एक गोष्ट सावधपणे लक्षात घ्यावी: 'आयटूसी-आरडीडब्ल्यूआर' या एकत्रित व्यवहाराच्या कॉलमध्ये पत्ता संदेशातच असतो आणि त्यावर 'व्यस्त आहे का' ही तपासणी होत नाही. त्यामुळे नकार आला नाही याचा अर्थ पत्ता मोकळा होता असा घेता येत नाही.

क्रमांक १२१ किंवा ६: चिपने उत्तर दिले नाही

पत्ता तारेवर गेला, पण कोणीही होकाराचा बिट दिला नाही. ब्रॉडकॉम आणि डिझाइनवेअर या नियंत्रकांचे ड्रायव्हर यासाठी १२१ देतात, संगणकावरील इंटेलचा एसएमबस ड्रायव्हर ६ देतो, अर्थ एकच. आपला कोड दोन्ही जागी चालावा असे वाटत असेल तर दोन्ही क्रमांक हाताळावेत.

पहिली शंका पत्त्याच्या रूपाची घ्यावी. काही डेटाशीट पत्ता वाचन-लेखनाच्या बिटासह आठ बिटांत देतात, तर लिनक्सला सात बिट लागतात. डी० म्हणजे ६८, ए० म्हणजे ५०, ९० म्हणजे ४८. दिलेल्या संख्येची निमपट करून पाहावी. दुसरी शंका, चिप खरोखर तीच आहे का? बीएमई२८० म्हणून घेतलेले स्वस्त मॉड्यूल पुष्कळदा बीएमपी२८० निघते आणि त्यात आर्द्रता मोजण्याची सोयच नसते. दोघांचे पत्ते ७६ किंवा ७७ असेच असतात, मात्र डी० क्रमांकाच्या रजिस्टरमधून पहिल्याकडून ६० आणि दुसऱ्याकडून ५८ येते. तिसरी गोष्ट, ईईप्रॉमच्या बाबतीत हा नकार बिघाड नसतोच. पान लिहून झाल्यावर चिप काही मिलिसेकंद आतल्या कामात गुंतलेली असते आणि तेवढा वेळ होकार देत नाही. होकार येईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने विचारत राहणे हीच तिची ठरलेली रीत आहे.

नकार अधूनमधूनच येत असेल तर तारांकडे वळावे. रास्पबेरी पायच्या हेडरवरील या दोन पिनांना बोर्डावरच १.८ किलो-ओहमचे पुल-अप (तार वर खेचून धरणारे) रोधक आहेत. बाजारातील मॉड्यूल आपले रोधक घेऊन येतात आणि सर्व समांतर जोडले जातात. ४.७ किलो-ओहमचे रोधक असलेली तीन मॉड्यूल लावली, तर एकत्रित रोध सुमारे ०.८४ किलो-ओहम होतो आणि तार ०.४ व्होल्टपर्यंत खाली ओढायला चिपला जवळपास ३.५ मिलिअँपिअर प्रवाह ओढावा लागतो, जेव्हा मानकानुसार तिच्याकडून ३ मिलिअँपिअरचीच हमी असते. उलट दिशेने, तार लांब असेल तर तिची धारिता (कपॅसिटन्स) वाढते. मानकाची कमाल मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. तेवढ्या धारितेवर १.८ किलो-ओहमने सिग्नल वर यायला सुमारे ६१० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झवर १००० नॅनोसेकंदांची मुभा असल्याने ते चालते, पण ४०० किलोहर्ट्झवर मुभा ३०० नॅनोसेकंदांचीच आहे. वेग कमी करण्याचा उपाय लागू पडतो तो याच दुसऱ्या स्थितीत. रोधक जास्त झाल्याने आलेल्या दोषावर त्याचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय हा वेग यूझर प्रोग्रॅममधून बदलता येत नाही, तो डिव्हाइस ट्रीमधूनच ठरतो.

बस धुंडाळण्याबद्दल एक सूचना. 'आयटूसी-डिटेक्ट' बहुतेक पत्त्यांवर एक रिकामे लेखन करून आणि ३० ते ३७ व ५० ते ५एफ या पट्ट्यांत एक बाइट वाचून पाहते. थिंकपॅड लॅपटॉपमधील एका जातीची ईईप्रॉम अशा रिकाम्या लेखनाने बिघडू शकते, हे आयटूसी-टूल्सच्या दस्तऐवजातच नोंदलेले आहे. आपल्या बोर्डावर निर्धास्त चालवावे, अनोळखी संगणकावर नाही.

एरर नाही, पण आकडे चुकीचे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कर्नलकडून काहीच इशारा मिळत नाही. एमपीयू-६०५० मधून सतत शून्यच येत असेल तर बस निर्दोष आहे. ही चिप वीज मिळाल्यावर निद्रावस्थेत सुरू होते आणि ६बी क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ४० ही किंमत असते. तिथे शून्य लिहिल्याशिवाय मापन सुरू होत नाही. वीज क्षणभर जाऊन आली की चिप पुन्हा झोपते आणि आधीपासून धावणाऱ्या प्रोग्रॅमला त्याची गंधवार्ता नसते, म्हणून सलग शून्ये आल्यास ते रजिस्टर पुन्हा वाचून पाहण्याची सोय कोडमध्ये ठेवावी.

दुसरे कारण म्हणजे रजिस्टरचा क्रमांक 'राइट'ने पाठवून मग वेगळ्या 'रीड'ने वाचणे. या दोन कॉलांच्या मध्ये बसवर थांब्याची खूण जाते. पुष्कळ चिपना ते चालते. एमएलएक्स९०६१४ या अवरक्त तापमापकाला चालत नाही, त्याला थांबा न घेता पुन्हा सुरुवात लागते. याशिवाय त्या दोन कॉलांच्या फटीत दुसरा प्रोग्रॅम शिरू शकतो. फाइल उघडल्याने किंवा पत्ता सांगितल्याने बस आपल्या मालकीची होत नाही. कर्नल कुलूप लावतो ते प्रत्येक व्यवहारापुरते. पहिल्या प्रोग्रॅमने तापमानाचे रजिस्टर निवडले, तेवढ्यात दुसऱ्याने त्याच चिपवर दाबाचे निवडले, तर पहिल्याला तापमान म्हणून दाब मिळतो. 'आयटूसी-आरडीडब्ल्यूआर'मध्ये लेखन आणि वाचन एकाच व्यवहारात बांधले की दोन्ही अडचणी सुटतात. 'एसएमबस२'मधील रजिस्टर वाचण्याचे तयार फंक्शनही हे काम एकाच व्यवहारात करते. अनेक व्यवहार मिळून एक काम होत असेल, तर सर्व प्रोग्रॅमनी मिळून एका फाइलवर 'एफ-लॉक' (फाइलचे कुलूप) पाळावे. टीसीए९५४८ए सारख्या मल्टिप्लेक्सरवर (एका बसच्या अनेक शाखा करणाऱ्या चिपवर) स्वतः चॅनेल बदलत बसण्यापेक्षा कर्नलचा ड्रायव्हर वापरावा. तो प्रत्येक चॅनेलची स्वतंत्र बस करून देतो आणि चॅनेल बदलणे कुलपाच्या आत होते.

तिसरे कारण हार्डवेअरचे आहे. काही चिप उत्तर तयार होईपर्यंत एससीएल तार खाली धरून ठेवतात. रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या पिढ्यांतील बीसीएम२८३५ घराण्याच्या नियंत्रकात हे थांबणे हाताळण्याचा जुना दोष आहे, त्यामुळे क्लॉकचा एखादा ठोका तोकडा पडतो आणि बिट घसरतात. बीएनओ०५५ हा दिशा मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो. वेग १० किलोहर्ट्झपर्यंत उतरवल्यास तो अनेकदा थांबतो. अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे 'आयटूसी-जीपीआयओ' ओव्हरले लावून बस जीपीआयओ म्हणजे सर्वसाधारण वापराच्या पिनांवर सॉफ्टवेअरने चालवणे. त्याच्या मूळ पिना जीपीआयओ २३ आणि २४ आहेत आणि तिथे बोर्डावर पुल-अप नाहीत, ते बाहेरून लावावेत. प्रोग्रॅममध्ये फक्त बसची फाइल बदलते.

क्रमांक ११०: बस अडकली

वेळ संपल्याचा हा एरर एकदा आला आणि नंतर त्या बसवरील सर्वच चिप बंद पडल्या, तर मल्टिमीटरने दोन्ही तारा मोजाव्यात. मोकळ्या बसवर दोन्हींवर सुमारे ३.३ व्होल्ट हवेत. एससीएल वरच्या पातळीवर आणि एसडीए शून्याजवळ असेल, तर वाचनाच्या मध्येच नियंत्रक रीसेट झाला आणि चिप आपला शून्याचा बिट धरून पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिली, असे समजावे. सॉफ्ट रीबूट करून उपयोग होत नाही, कारण त्यात सेन्सरचा वीजपुरवठा सहसा तुटत नाही. पूर्ण वीज काढावी, किंवा पिन तात्पुरती जीपीआयओ करून एससीएलवर नऊ ठोके द्यावेत आणि शेवटी थांब्याची खूण करावी. आयटूसीच्या मानकातही बस मोकळी करण्याची हीच पद्धत दिली आहे. दूरच्या जागी बसवलेल्या यंत्रात सेन्सरची वीज एका ट्रान्झिस्टरमधून नेऊन त्याचे नियंत्रण वेगळ्या पिनवर ठेवणे खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडते.

एससीएलच खाली असेल तर नऊ ठोके देताच येत नाहीत. अशा वेळी एकेक मॉड्यूल सोडवत जावे आणि तार ज्या क्षणी वर येते तेव्हा हातात असलेले मॉड्यूल बाजूला ठेवावे. वीज न मिळालेली चिपही आपल्या पिनांमधील संरक्षक डायोडांतून तार खाली ओढू शकते, म्हणून ते मॉड्यूल फेकण्याआधी त्याची ३.३ व्होल्टची तार आणि जमिनीची तार घट्ट बसली होती का, ते पाहावे.